आधीच बंद असलेला गॅस

ती. आत्या,

कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकून नमस्कार. (साष्टांग घालायची इच्छा होती, पण या खोलीत आता माणूस आडवा पडेल एवढी जागा उरलेली नाही. खोली कशाने भरली ते शेवटी सांगतो.) तुझा गुडघा कसा आहे? तू ‘बरा आहे’ म्हणशील हे ठाऊक असल्यामुळे तुला न विचारता तुझ्या लेकाला विचारलं. तो म्हणाला, गुडघा सुजलेला असतानाही तू स्टुलावर चढून माळा आवरतेस, आणि ‘आई, चढू नकोस’ म्हटलं की ‘मी कुठे चढलेय’ असं स्टुलावरूनच सांगतेस. (आणि मला खरं बोलायला शिकवलंस ते तूच. असो.) गुडघा इकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला तू येणार आहेस हेही कळलं. फार आनंद झाला. कोणाकडून कळलं, त्याचा मात्र आनंद झाला नाही, पण तेही पुढे येईलच. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे, मुलगी मजेत आहे, शेजारचेसुद्धा मजेत आहेत. मी नाही.

मी मजेत नसण्याचं कारण म्हणजे माझा साडू. माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. त्याच्या लग्नात तू त्याला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा ‘मुलगा किती शांत आहे’ म्हणालीस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि एक सुस्कारा टाकलास. तुला आठवत नसेल. मला तो सुस्कारा आठवतो. हा शांत मुलगा गेल्या वर्षापासून माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, आणि तिथे त्याला मीच आणून बसवलं आहे. त्याची आधीची नोकरी सुटली तेव्हा सासूबाईंनी रोज संध्याकाळी फोन करून माझ्या तब्येतीची इतकी चौकशी केली की शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे (लॅब त्यांचीच) शब्द टाकला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मी तो धोंडा शिफारस करून मागवला, त्याला बसायला खुर्ची दिली आणि पंखा त्याच्याकडे वळवला.

तू नेहमी विचारतेस की मी दिवसभर तिथे करतो काय, आणि मी दरवेळी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून सुटका करून घेतो. यावेळी नीट सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझं दुःख कळणार नाही. आमच्याकडे लोक रक्त तपासून घ्यायला येतात. पुढे काउंटर, मग रुंद हाताच्या खुर्च्यांची खोली जिथे रक्त काढतात, आणि सगळ्यात मागे काचेच्या दाराची एक थंडगार खोली. त्या खोलीत दोन सर्व्हर आहेत. (थंडी मशिनांसाठी असते, पण वाजते मला. मी बारा महिने स्वेटर घालतो, त्यामुळे वाणी मला आजारी समजून गोळ्या-बिस्किटं आपणहून पुढे करतो.) या दोन सर्व्हरांना मिळून क्लस्टर म्हणतात. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. (ही नावं ठेवताना सासुरवाडीत दोन बहिणी आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकदा सासूबाईंच्या पंक्तीला बसलो असताना फोनवर कोणाला तरी ‘थोरली सारखी बसते, तिला बंद करा आणि धाकटीवर चालवा’ म्हणालो. सासूबाईंचा घास हातातच राहिला.) तपासणीचे आकडे घेऊन, ते ज्याच्या त्याच्या नावासमोर मांडून, रिपोर्ट छापायला देणारा जो प्रोग्रॅम, त्याला आम्ही सर्व्हिस म्हणतो. ही सर्व्हिस एका वेळी एकीवरच चालते. दुसरी नुसती बसून पाहते. थोरलीवर सर्व्हिसने मान टाकली की ती धाकटीवर सुरू व्हायची, अशी व्यवस्था.

आता ही हलवाहलव करणारा एक तिसरा प्रोग्रॅम असतो, त्याला मी कारभारी म्हणतो. हा कारभारी फार संशयी. सर्व्हिस दोघींवर एकदम चालली तर दोघीही रिपोर्ट लिहायला बसतील आणि एकाची साखर दुसऱ्याच्या माथी जाईल, हे तो जाणून आहे. म्हणून धाकटीवर सुरू करण्याआधी तो थोरलीला सांगतो, ‘तुझ्याकडची आधी थांबव.’ हे थांबवायचं काम करणारी चार ओळींची एक फाइल असते, तिला स्टॉप स्क्रिप्ट म्हणतात. ‘थांबली’ असं तिचं उत्तर आलं की कारभारी निर्धास्तपणे पलीकडे सर्व्हिस सुरू करतो. पण ‘जमलं नाही’ असं उत्तर आलं, की तो त्या सर्व्हिसवर ‘नापास’ असा शिक्का मारतो आणि हाताची घडी घालून बसतो. मग इकडेही सुरू करत नाही, तिकडेही नाही. एखाद्या जाणत्या माणसाने येऊन, दोन्हीकडे डोळ्यांनी पाहून, आधी ‘बंद’ आणि मग ‘चालू’ असं लिहिलं तरच तो हलतो.

तो जाणता माणूस म्हणजे मी होतो.

आत्या, काय ते दिवस होते. आमची सर्व्हिस म्हणजे तोळामासा प्रकृती, दर चार-सहा दिवसांनी आपली आपणच मरायची. ती मेली की कारभारी स्टॉप स्क्रिप्टला थांबवायला सांगायचा, आणि माझी स्क्रिप्ट ‘जमलं नाही’ म्हणायची. झालं. काउंटरवर गर्दी. कोपराच्या खोबणीत कापूस दाबून धरलेली माणसं एकमेकांना विचारताहेत. काउंटरवरची मुलगी ड्यूटीच्या फोनवर मला हाक मारायची, आणि मी (फोन माझ्या शर्टाच्या डाव्या खिशात, मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण फोन तो फोन) उठायचो. लोक वाट द्यायचे. मी काचेचं दार उघडून आत बसायचो. डॉक्टरीणबाई स्वतः मागे येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. लिहायचे दोनच शब्द असायचे, पण मी ते कधी घाईने लिहिले नाहीत. मध्ये एकदा चष्मा पुसायचो. मग छापखाना सुरू व्हायचा, बाहेर हुश्श व्हायचं, आणि माझ्या टेबलावर चहा यायचा, बशीत बिस्किटासकट. इतरांच्या चहाला बिस्किट नसे. त्या फोनच्या वजनाने माझे सगळे शर्ट डावीकडे झुकलेले होते. हिने खिशांना आतून दुहेरी कापड लावून दिलं होतं. लग्नकार्यात जेवणाच्या ताटावरून मी फोन घेऊन उठलो की लोक कुजबुजायचे, ‘यांच्यावाचून तिथे पान हलत नाही.’ खरंच हलत नव्हतं.

आता तू विचारशील, की सर्व्हिस आधीच मेलेली असताना स्क्रिप्टने ‘जमलं नाही’ का म्हणावं? आत्या, ते तुझ्यामुळे. मी लहान असताना तू मला स्वयंपाकघरात पाठवलंस आणि गॅस बंद करायला सांगितलंस. मी गेलो, पाहिलं, गॅस बंदच होता. परत येऊन म्हणालो, ‘केला बंद.’ तू आधीच बंद करून ठेवला होतास, माझी परीक्षा पाहायला. माझा कान धरून तू म्हणालीस की जे आपण केलं नाही ते केलं म्हणायचं नाही, बंद होता तर ‘बंद होता, मी केला नाही’ असं सांगायचं. तो कान मी कधी विसरलो नाही. स्टॉप स्क्रिप्ट लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप तिकडेच गेला. सर्व्हिस चालू असेल आणि थांबवली, तर ‘थांबली’. पण आधीच मेलेली असेल, तर तिने थांबवलं म्हणून खोटं श्रेय का घ्यावं? ‘जमलं नाही, थांबवायला काही नव्हतंच.’ असं सरळ, खरं, कान न धरता दिलेलं उत्तर. त्या खऱ्या उत्तराने दर वेळी सगळी लॅब अडून बसायची हा भाग वेगळा. खरं बोलणाऱ्याने परिणामांचा विचार करायचा नसतो.

साडू आला आणि थोड्याच दिवसांत त्याने ही स्क्रिप्ट उघडली. हनुवटी खाजवली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात (त्याचा आवाज नेहमीच हळू असतो, आणि लोक तो ऐकायला पुढे वाकतात, हेही मला आवडत नाही) म्हणाला, ‘दादा, आधीच बंद असेल तर ही जमलं नाही का म्हणते?’ मी त्याला तुझी गॅसची गोष्ट सांगितली. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने ती सगळी मन लावून ऐकली आणि म्हणाला, ‘आत्यांचं बरोबरच आहे. त्या तुम्हाला पारखत होत्या. कारभाऱ्याला तुम्हाला पारखायचं नाहीये, दादा. कोणी बंद केलं ते त्याला नको असतं. बंद आहे का, एवढंच हवं असतं.’ आणि त्याने मला विचारून, माझ्या देखत, माझ्याच कीबोर्डवर ती ओळ बदलली. विचारलं नसतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर जी शांतता पसरली ती काय सांगू. सर्व्हिस पूर्वीसारखीच मरत होती. पण आता स्क्रिप्ट म्हणायची ‘थांबली’, कारभारी पलीकडे सुरू करायचा, काउंटरवरच्या मुलीला पत्ताही लागायचा नाही. थोरलीवरून धाकटीवर, धाकटीवरून थोरलीवर, गुपचूप. लोक कापूस दाबत यायचे, रिपोर्ट घेऊन जायचे. कोणी मला हाक मारत नव्हतं. फोन बिघडला असेल म्हणून मी घरच्या फोनवरून त्याला फोन लावला. तो माझ्याच खिशात वाजला आणि मी दचकलो, कारण आवाजाची सवय गेली होती. ही म्हणाली, निदान आता गरम जेवता. मी गरम जेवत होतो, पण घशाखाली उतरत नव्हतं. चहाबरोबरचं बिस्किट आधी अर्धं झालं, मग बंद झालं. आणि एक दिवस मी काचेतून पाहिलं, तर डॉक्टरीणबाई आत उभ्या होत्या आणि त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. खुर्ची त्याची होती. आत्या, तुझ्यापासून काय लपवायचं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला हेवा वाटतो. मोठं मन वगैरे माझ्याकडे नाही. जे आहे ते लहान आहे आणि त्यात तो फोन बरोबर बसत होता.

तोही गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर, फार गोड आवाजात सांगितलं की फोन आता यांच्याकडे राहू दे, तुम्ही इतकी वर्षं धावपळ केलीत, जरा विश्रांती घ्या. मला विश्रांती नको होती. मी कधी मागितली नव्हती. साडू म्हणाला, ‘असू दे, दादांकडेच असू दे,’ आणि त्यामुळे तो सगळ्यांना आणखीच आवडला. मी फोन काढून दिला. खिसा असा लोंबायला लागला की मी त्यात चष्म्याचं घर ठेवतो, म्हणजे शर्टाला आपण एकदम पोरके झालो असं वाटू नये. घरी ही म्हणाली, किती गुणी आहे हो तो, आपणहून नको म्हणाला. सासऱ्यांनी तर फोन करून माझं अभिनंदन केलं, असा माणूस शोधून आणल्याबद्दल.

मी देव पाण्यात घालून बसलो, आणि त्यांनी ऐकलं.

झालं असं, की एका सकाळी सर्व्हिस मेली नाही, नुसती गुंगीत गेली. ना धड जिवंत ना धड मेलेली, हाक मारली तर ओ देईना. कारभाऱ्याने स्टॉप स्क्रिप्टला सांगितलं, थांबव. आता साडूची स्क्रिप्ट काय करायची, तर सर्व्हिसला ‘थांब’ म्हणून ओरडायची आणि ती खरंच थांबली की नाही हे न बघता ‘थांबली’ म्हणून मोकळी व्हायची. कारभाऱ्याने विश्वास ठेवला आणि धाकटीवर सुरू केली. तेवढ्यात थोरलीवरची जांभई देऊन जागी झाली आणि तीही लिहायला बसली. दोघी एकदम. प्रत्येक माणसाचे दोन-दोन रिपोर्ट छापून यायला लागले, एकीने आजचे आकडे लिहिलेले, दुसरीने मागच्या वेळचे. एका गृहस्थांनी दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले, ज्यात साखर कमी होती तो घडी करून खिशात घातला, दुसरा काउंटरवर ठेवला आणि आभार मानून निघून गेले. एक बाई म्हणाल्या, दोन्हींची सरासरी काढून द्या, मला घाई नाही.

मी माझ्या जागेवरून हे पाहत होतो आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. लोकांच्या रक्ताचा प्रश्न आहे, त्यात आनंद मानू नये हे मला कळतं. मी मानला. स्वेटरची बटणं लावली. चष्मा आधीच पुसून घेतला, म्हणजे आत वेळ जायला नको. आणि हाक येण्याची वाट पाहत बसलो. हाक आली नाही. आणखी थोडा बसलो. शेवटी आपणहून उठलो, वाट कोणी दिली नाही म्हणून ‘जरा सरका’ म्हणत काचेच्या दारापर्यंत पोचलो, तर आत सगळं आटोपलेलं. साडूने थोरलीची वायरच उपटली होती, छपाई थांबवली होती, ज्यांना ज्यांना कागद गेले त्यांना परत बोलवायला काउंटरवरच्या मुलीला बसवलं होतं (सगळे आले, फक्त ते गृहस्थ फोनवर म्हणाले की मला हाच बरा आहे, मग साडू स्वतः त्यांच्या घरी जाऊन तो कागद बदलून आला), आणि डॉक्टरीणबाईंना तो त्या हळू आवाजात सांगत होता, ‘चूक माझी आहे. दादांची स्क्रिप्ट अडून बसायची, पण खोटं कधी बोलली नाही. माझी बोलली.’

यावर डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि हात खुर्चीच्या पाठीवर. आत्या, माझी स्क्रिप्ट वर्षानुवर्षं खरं बोलली, तिच्या खरेपणाबद्दल कोणी ब्र काढला नाही. याची एकदा खोटं बोलली, तर त्याबद्दल याचं कौतुक. चूक करण्यातसुद्धा तो माझ्या पुढे निघून गेला. वर तो माझी बाजू घेत होता, त्यामुळे मला नीट रागावताही येईना. मी दारात उभा, स्वेटरची सगळी बटणं लावून.

मग त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघांनी मिळून नवीन स्क्रिप्ट लिहिली. ती अशी. आधी बघायचं. बंद असेल तर ‘थांबली’ म्हणायचं, कोणी थांबवली याचा पाल्हाळ लावायचा नाही. चालू असेल तर थांबवायचं, आणि थांबवल्यावर पुन्हा बघायचं. खरंच थांबली असेल तरच ‘थांबली’ म्हणायचं. थांबतच नसेल, तर तसं सरळ सांगायचं आणि अडून बसायचं. पहिला अर्धा भाग त्याचा, ‘बघायचं’ हे दोन्ही ठिकाणी माझं. शेवटी अडून बसल्यावर पडद्यावर काय लिहून यावं ते त्याने मला विचारलं. मी लिहिलं, ‘थांबत नाही. माणूस बोलवा.’ तो म्हणाला, छान आहे. मला वाटलं, आता तरी डॉक्टरीणबाई म्हणतील की तो माणूस कोण हे उघड आहे, फोन यांना परत द्या. त्या म्हणाल्या, दोघांनी मिळून छान केलंत, आणि घरी गेल्या. फोन त्याच्याच खिशात राहिला. त्याच्या शर्टाला तो तसा शोभत नाही, हे आपलं माझं मत.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी घरून त्या फोनवर एक फोन करतो. हेवा म्हणून नाही, फोन चालू आहे का ते बघायला. तो उचलतो आणि मी बोलायच्या आत म्हणतो, ‘दादा, सगळं चालू आहे. तुम्ही जेवा.’ आणि मी जेवतो.

बाकी विशेष काही नाही. तुझ्या घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग. तुझ्याहून मोठं आता तिथे कोणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे. लहानांना एकेक गालगुच्चा, आणि स्टुलाला माझ्यातर्फे एक लाथ.

तुझा,
कान अजून लाल असलेला भाचा

ता. क. – खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. तू येणार हे मला मेहुणीकडून कळलं. तिने हिला फोनवर सांगितलं की आत्या आमच्याकडे उतरणार आहेत, आमचं घर तळमजल्यावर आहे ना. ऐकून मी हातातला तांब्या खाली ठेवला. आत्या, फोन त्याने घेतला, खुर्चीवरचा हात घेतला, बिस्किट घेतलं, सासरे तर लग्नातच घेतले होते. पण तू माझी आत्या आहेस. मला तू वाढवलंस, त्याच्याबद्दल नुसता सुस्कारा टाकलास. तेव्हा तू आमच्याकडेच उतर. गुडघ्याला त्रास होऊ नये म्हणून मी एक उंच पलंग आणून या खोलीत ठेवलाही आहे, त्याच्यामुळेच साष्टांग घालता आला नाही. फक्त एक कर. आधी त्यांना ‘येत नाही’ असं कळव, त्यांचं ‘बरं’ असं उत्तर येऊ दे, आणि मगच इकडे यायला नीघ. नाहीतर दोन्ही घरी तुझ्यासाठी पलंग पडतील आणि दोन्ही घरी भात शिजेल, आणि ते कसं होतं हे मी नुकतंच पाहिलं आहे.

ता. क. २ – पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. ती म्हणाली, पलंग आणायच्या आधी तिकडे विचारलंत का? तिकडेही आणलेला आहे. मग म्हणाली, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, आत्या जिना चढणार कशा? मी म्हटलं, त्याचा मी विचार केलेला आहे, खुर्चीत बसवून वर आणू. ती म्हणाली, खुर्चीचं दुसरं टोक कोण धरेल? मी ओळखीच्या सगळ्या माणसांचे खांदे आठवून पाहिले. आत्या, एकच खांदा निघाला. कोणाचा, ते लिहीत नाही. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, तुमचं हे जळणं आता थांबवा. मी म्हटलं, थांबलेलंच आहे. ती म्हणाली, ‘आधी बघा, मग सांगा.’ (स्क्रिप्ट तिने नुकतीच वाचली होती, याच पत्रात.) मी बघितलं. थांबलेलं नव्हतं. मग मी मनापासून प्रयत्न केला, आणि पुन्हा बघितलं. थांबत नाही, आत्या. माणूस बोलवावा लागणार.

ता. क. ३ – या पत्राच्या नादात आज संध्याकाळचा फोन करायचा राहून गेला. वरची ओळ लिहून होते न होते तोच घरचा फोन वाजला. साडू होता. म्हणाला, ‘दादा, आज तुमचा फोन आला नाही, म्हणून मी केला. सगळं बरं आहे ना?’ मी पेनाला टोपण लावलं. मग मी म्हटलं, आत्याला तुमच्याकडे बोलावलंत असं कळलं. तो म्हणाला, ‘तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, आत्यांना जिने चढवत नाहीत. म्हणून खाली सोय केली. तुम्ही रोज कामावरून इकडेच या, आत्यांशी बोला, जेवूनच जा.’ तसं म्हणालो होतो खरा. माझ्याही लक्षात नव्हतं.

तेव्हा आत्या, तू त्याच्याकडेच उतर. त्याला ‘येत नाही’ वगैरे काही कळवू नकोस, मी इकडचा पलंग मोडून ठेवतो आणि मोडल्यावर पुन्हा एकदा बघतो. तिथे उतरायचं कोणी ठरवलं असं सासूबाईंनी विचारलं, तर नुसतं ‘ठरलं आहे’ म्हण. कोणी ठरवलं ते सांगायची गरज नसते. (तुझ्या गॅसच्या वेळी हे आपल्या दोघांना ठाऊक असतं तर माझा कान वाचला असता.) मी रोज संध्याकाळी येईन. फक्त एवढं कर, त्यांच्याकडचा चहा आमच्यापेक्षा चांगला असला, तरी मला सांगू नकोस. खरं बोलायचा तेवढा एक नियम माझ्यासाठी बाजूला ठेव.